तब्येतीचं नाव काढायचं नाही

आमच्याकडे दर सप्टेंबरात एक नवी असिस्टंट येते. मानसशास्त्राची पदवी ताजी, वय तेवीस-चोवीस, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाला ख्रिसमसच्या आत बरं करायची घाई. वर्षभर ती प्रश्नावल्यांचे गुण मांडते, झेरॉक्स काढते, यादीत ताटकळलेल्या पेशंटना फोन करते, वजनाचा काटा बरोबर आहे ना ते बघते. मग डॉक्टरेटला जागा मिळाली की एक कार्ड आणि चॉकलेटचा डबा ठेवून निघून जाते. सतरा वर्षांत मी अशा सोळा जणी पाहिल्या. निम्म्यांची नावंही आता सांगता येणार नाहीत.

मी ब्रेंडा. इंग्लंडच्या किनाऱ्यावर ग्रिम्सबीत मोठ्या माणसांच्या खाण्याच्या विकारांसाठी जे केंद्र आहे, तिथे दाराशी बसते. आल्यागेल्याला तारखा देते, पत्रं टाइप करते, आणि कुणाला आज बोलायचंय, कुणाला नुसतं भिंतीकडे बघत बसायचंय हे दार उघडल्या उघडल्या ओळखते. हे शेवटचं मला कुणी शिकवलं नाही आणि त्याचा पगारही मिळत नाही.

सतरावी असिस्टंट आली तेव्हा मात्र मला ओळखता आलं नाही. पुढचे केस पांढरे, पायात सपाट बूट, हातात चौकड्याची मोठी पिशवी. मला वाटलं, कुणाची तरी आई आली.

मी म्हटलं, "बसा हं. मुलीचं नाव काय?"

"मुलगी नाहीये मला. दोन मुलगे आहेत, आणि ते खातात. दाराची कडी सोडून सगळं खातात."

"मग?"

"मी हेझल. नवी असिस्टंट." तिने पिशवीतून सपाता काढून टेबलाखाली सरकवल्या. "या इथे ठेवल्या तर चालतील ना?"

हेझल ब्लँचर्ड, वय सत्तेचाळीस. नवरा बॅरी मासळीच्या कारखान्यात. एकवीस वर्षं ती गोदीमागच्या प्राथमिक शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढत होती. एके वर्षी शाळेचा पियानो दुरुस्त करायला माणूस आला, त्याने पियानो भिंतीपासून ओढला, आणि मागे बुरशी आलेल्या सँडविचांची रास निघाली. दहा वर्षांची एक मुलगी रोज आपला डबा तिथे टाकत होती. मुख्याध्यापक मुलीला ओरडले, मुलीची आई शाळेला ओरडली, सफाईवाला सगळ्यांना ओरडला. हेझलच्या मनात एकच आलं, की मी रोज हिच्यासमोर डाव घेऊन उभी होते आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

त्या हिवाळ्यात तिने घरबसल्या शिकायचं नाव नोंदवलं. पहाटे पाचला उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास, मग शाळा, मग घर. सहा वर्षं. संख्याशास्त्रात दोनदा आपटली. तिसऱ्यांदा तिने सरासरी आणि विचलन हे सगळं कस्टर्डच्या डावांवर बसवून घेतलं, कुणाच्या वाटीत किती पडतं आणि किती फरकाने पडतं असं, आणि पास झाली. असिस्टंटच्या जागेची जाहिरात आली की शंभर अर्ज पडतात आणि दोन तासांत अर्ज घेणं बंद होतं. आमचा अर्ज हेझलने मुलांच्या पहिल्या आणि दुसऱ्या पंगतीच्या मधल्या वीस मिनिटांत, एका हातातला मोजा काढून, फोनवर भरला. त्यात 'अनुभव' या शब्दात तीन चुका होत्या.

तिची मुलाखत झाली त्या आठवड्यात मी सुट्टीवर होते, पण तिचं एक उत्तर टॅम्सिनने मला नंतर सांगितलं. टॅम्सिन म्हणजे आमची मुख्य मानसशास्त्रज्ञ. चौतिसाची आहे, हुशार आहे, आणि कधी जेवते ते कुणालाच माहीत नसतं. तिने विचारलं, "समोरच्या माणसाने घास घ्यायला नकार दिला तर तू त्याला काय म्हणशील?"

हेझल म्हणाली, "काही नाही. मीठ मागेन."

टॅम्सिनने ते लिहून घेतलं. आधीच्या सोळा जणींनी याच प्रश्नाला पंधरा-पंधरा मिनिटं उत्तरं दिली होती.

आता मी एक कबूल करते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला हेझल आवडली नाही. उगाच नाही, कारण होतं. इतकी वर्षं आमच्या इमारतीत पदवी नसलेली पण सगळं समजणारी बाई एकच होती, आणि ती मी होते. तो माझा मान होता. आणि आता शाळेत वाटाणे वाढणारी एक बाई पदवी घेऊन, सपाता घेऊन आत आली होती. तिने जे केलं ते मलाही करता आलं असतं, हे मला तिच्याकडे बघून रोज आठवायचं आणि रोज राग यायचा.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी निळी फाइल द्यायचं काम माझं. तिच्यात आमचे नियम असतात. आकडा तोंडातून काढायचा नाही. वजन करताना पेशंट काट्याकडे पाठ करून उभा राहतो, त्याला आम्ही पाठमोरं वजन म्हणतो, तेव्हा चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. स्वतःच्या उपासाचं, पोटाचं, घट्ट झालेल्या कपड्यांचं बोलायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, पेशंटला 'छान दिसतेस', 'तब्येत सुधारली' असलं काही कधीच म्हणायचं नाही. तुम्ही म्हणाल, चांगलं तर बोललो. पण ज्याचा आजारच हा, त्याला 'तब्येत सुधारली' म्हणजे 'जाड झालीस' असंच ऐकू येतं. एका वाक्यात तीन महिन्यांची मेहनत पाण्यात जाते.

ती निळी फाइल मी हेझलला दिली नाही. विसरले असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. माझ्याच खणात होती. खण रोज दहा वेळा उघडत होते.

तिसऱ्या मंगळवारी गेनर आली.

गेनर आमची जुनी माणूस. चोपन्न वर्षांची, सहा वर्षं येते-जाते. पूर्वी इथल्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची, त्यामुळे नजर अशी की आमच्या नोटीस बोर्डावरचे स्वल्पविराम तिने उभ्या उभ्या दुरुस्त केलेत. तीस वर्षं ती कुणासमोर जेवलेली नाही. लग्नात नाही, आईच्या मयताला नाही, नवऱ्यासमोर नाही. नवरा शेवटी सोडून गेला. आणि ही बाई केक असा करते की विचारू नका. दर मंगळवारी एक घेऊन यायची. टॅम्सिन म्हणायची, "आज एक तुकडा मिळून खायचा का?" गेनर म्हणायची, "पुढच्या मंगळवारी." मग केक जसाच्या तसा घरी जायचा आणि शेजारीपाजारी वाटला जायचा. तिच्या गल्लीतली मांजरंसुद्धा गुटगुटीत आहेत, पण हे मी इमारतीच्या बाहेरच बोलते.

म्हणजे केकचाही नियम होता. ती खाणार असेल तर खायचा, नाहीतर नाही. तोही निळ्या फाइलमध्ये, सहाव्या पानावर.

हेझल झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. गेनरने डबा माझ्या टेबलावर ठेवून झाकण उघडलं होतं. लिंबाचा केक, वर साखरेची पातळ खरपूस साय. हेझलचं तोंड उजळलं.

"तुम्ही केलात? घेऊ का एक?" आणि गेनर काही बोलायच्या आत तिने कडेचा कापलेला तुकडा उचलला, खाल्ला, डोळे मिटले. "अहो, एकवीस वर्षांत मला असा जमला नाही. आणि तुम्ही किती छान दिसताय आज. तब्येत मस्त आहे एकदम."

मी बघत होते. मला अडवता आलं असतं. एक खोकला काढला असता तरी पुरे होता.

गेनर पांढरी पडली. तिने डब्याचं झाकण लावलं, कोट उचलला आणि दाराबाहेर गेली. दोनची वेळ होती, दोनला दोन मिनिटं कमी होती. नियमाने मला तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहावं लागलं.

"मी काय केलं?" हेझलने विचारलं. तिच्या हनुवटीला अजून साखर लागलेली होती.

मी खण उघडला आणि फाइल तिच्या हातात दिली. ती तिथेच उभी राहून वाचत गेली. सहाव्या पानावर आली आणि खाली बसली. कधी मिळायला हवी होती, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडचा आणखी एक नियम असा, की न कळवता लागोपाठ तीनदा गैरहजर राहिलं की कागद बंद. पेशंट परत घरच्या डॉक्टरकडे, आणि पुन्हा यायचं तर यादीच्या तळाशी, म्हणजे अकरा महिने. टॅम्सिनला हा नियम आवडत नाही, पण यादी बघितली की कुणालाच दुसरं काही सुचत नाही. गेनरला अकरा महिने परवडणारे नव्हते. हे टॅम्सिनला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि फाइल वाचल्यावर हेझललाही कळलं.

पुढच्या मंगळवारी दोन वाजले, सव्वादोन झाले, गेनर आली नाही. हेझल काचेच्या दारापाशी उभी होती. फोन केला तर निरोपाच्या यंत्रावर जायचा.

टॅम्सिन तिला रागावली नाही. ती म्हणाली, "चुका होतात. सगळ्यांच्या होतात. आता एक मंगळवार आहे."

"मी घरी जाऊन येऊ?"

"असिस्टंटने एकटीने जायचं नाही. पत्र लिही. मी बघते, मग पाठवू."

हेझल माझ्या शेजारच्या संगणकावर बसली. पत्राचा नमुना उघडला. मी टाइप करत होते, पण कान तिकडेच होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, एक अक्षर नाही.

"ब्रेंडा," ती शेवटी म्हणाली, "ही पहिली ओळ कुणाची?"

"कुठली?"

"ही. 'आपली तब्येत उत्तम असेल अशी आशा आहे.' पुसली जात नाहीये."

मी खुर्ची सरकवून बघितलं. ती ओळ नमुन्यातच होती, कुलूपबंद. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर. मी आले त्या दिवशी होती, त्याआधीही होती. आम्ही भिंतीवर पाट्या लावल्या, लोकांना शिकवणीला बोलावलं, दर सहा महिन्यांनी बैठक घेतली की तब्येतीचं नाव काढायचं नाही. आणि सतरा वर्षं मी स्वतःच्या हाताने, पाकिटावर तिकीट लावून, आमच्या प्रत्येक पेशंटच्या घरी तेच पाठवत होते.

"किती गेली असतील गं?" हेझलने विचारलं.

"मोजू नकोस."

"गेनरलाही गेलंय का? मागच्या आठवड्यात, गैरहजर म्हणून?"

"तिला सहा वर्षं जातंय."

हेझल माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग न दाबता. मलाही हसू फुटलं आणि थांबेना. टॅम्सिन दार उघडून बघायला आली, तिला ओळ दाखवली, तीही भिंतीला टेकून हसत राहिली. म्हणाली, ही ओळ काढायला वर अर्ज करावा लागेल, समिती बसेल, वसंत ऋतू उजाडेल. हेझल म्हणाली, "माझ्याकडे कात्री आहे."

हसून झाल्यावर मी तिला सांगितलं. फाइल मी मुद्दाम दिली नव्हती, विसरले नव्हते. हे सांगताना माझे कान गरम झाले. एकसष्ट वर्षांची बाई, शाळकरी पोरीसारखी उभी होते.

तिने हसून ओले झालेले डोळे पुसले. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुझा खण नीट लागत नाही ना, त्यातून निळा कोपरा दिसायचा."

"मग मागितली का नाहीस?"

"मला वाटलं, ही देईल तेव्हा मला आत घेतलं असं समजायचं." आणि ती परत संगणकाकडे वळली. मला रडू आलं, ते मी आत जाऊन आवरलं.

पत्राचे आठ खर्डे झाले. शेवटचं असं होतं:

'गेनर, मी हेझल, नवी असिस्टंट. त्या दिवशी मी तुमचा केक तुमच्याशिवाय खाल्ला, आणि वर तुमच्या दिसण्यावर बोलले. दोन्ही चुकलं. केक चांगला होता, हे मात्र मागे घेत नाही. मंगळवारी साडेबाराला आमचं सोबतीचं जेवण असतं. या वेळी मी हॅडॉक मासा करणार आहे. तुमच्यासाठी खुर्ची ठेवते. रिकामी राहिली तरी ठेवते. दोनची वेळ तुमचीच आहे.'

टॅम्सिनने केकची ओळ खोडली. पेन टेबलावर आपटत थोडा वेळ बसली आणि पुन्हा लिहिली. आम्ही कागद छापला आणि हेझलने वरची पट्टी कात्रीने कापून टाकली. ओळीबरोबर आमचं बोधचिन्हही गेलं, आणि कड वाकडी झाली ती झालीच. ते वाकडं पत्र पेटीत मी स्वतः टाकलं.

सोबतीचं जेवण म्हणजे मंगळवारी आमच्या छोट्या स्वयंपाकघरात पेशंट आणि आम्ही एका टेबलाला बसून जेवतो. नेहमी आहारतज्ज्ञ ओवेन असतो. टेबलाशी आमची दोन माणसं हवीतच, आणि त्यांनी पूर्ण ताट जेवायचंच. नाक मुरडायचं नाही, 'आता संध्याकाळी काही नको' म्हणायचं नाही. त्या मंगळवारी ओवेनची पाठ धरली. टॅम्सिन दुसऱ्या पेशंटपाशी. हेझल माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ब्रेंडा, तू बस."

"मी माझा डबा आणलाय," मी म्हटलं. डब्यात दोन कोरडी बिस्किटं आणि काकडी होती. चर्चच्या सभागृहातल्या वजन-उतारू मंडळात मी एकोणतीस वर्षं दर गुरुवारी जात होते. तिथेही काटा आहे. फक्त तिथे सगळे काट्याकडे तोंड करून उभे राहतात आणि टाळ्या वाजवतात.

"डबा राहू दे," ती म्हणाली.

बारा वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं आणि गेनर आत आली. डबा नव्हता. हातात कागदांचा जुडगा होता. तो तिने माझ्या टेबलावर ठेवला. आमची सहा वर्षांची सगळी पत्रं, आणि प्रत्येकावर पहिल्या ओळीखाली लाल शाईची रेघ.

"हे मला कुणीतरी समजावून सांगा," ती म्हणाली. "आत गेलं की म्हणता तब्येतीवर बोलणं बरं नाही. घरी गेलं की पत्र येतं, तब्येत उत्तम असेल अशी आशा आहे. मला वाटायचं मुद्दाम लिहिता. मला वाटायचं परीक्षा घेताय."

"कुणी काही ठरवून लिहिलं नाही गं," मी म्हटलं. "मीच टाइप करते. कधी वाचलंच नाही."

"सहा वर्षं?"

"सतरा."

तिने पत्रांचा जुडगा सरळ केला. "मी असते तर पहिल्याच दिवशी खोडलं असतं."

"म्हणून तर या वेळी कापलं," हेझल आतून म्हणाली. तिच्या अंगावर एप्रन होता.

गेनरने खिशातून ते शेवटचं, वाकडं पत्र काढलं. त्यावर लाल काही नव्हतं. "बरं, तो केक. मी निघून गेले म्हणून माझ्यावर रागावलात का?"

"छे. मला माझाच राग आला. आत या, पाय दुखतील."

"मी जेवायला आलेले नाही."

"बसायला या. बसण्याला काही नियम नाही." असं नुसतं म्हणायला, नियम बसण्याचाही आहे. पण मी आतलं दार धरून उभी राहिले.

टेबलाशी दोन तरुण मुली आधीच होत्या, दर मंगळवारच्या. त्यांच्या मधली खुर्ची रिकामी होती. गेनर कोट न काढता बसली. हेझलने भट्टीतून मोठं भांडं काढलं. खाली दुधातला हॅडॉक, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, कडा तांबूस झालेल्या. ती वाढायला लागली आणि मी बघितलं, की कुणालाच ती 'किती वाढू' असं विचारत नव्हती. ओवेन नेहमी विचारतो, सभ्य माणूस आहे. आणि विचारलं की मुली दहा-दहा मिनिटं त्या प्रश्नातच बुडतात. हेझल बोलत बोलत वाढत गेली, सगळ्यांना एकसारखं, गेनरच्या पुढ्यातही, आणि बोलणं थांबलंच नाही.

"बॅरीने रविवारी बागेतली शेड रंगवली. आतून. दार लावून घेतलं, म्हणे वारा लागायला नको. दाराच्या कडेलाही रंग दिला भरपूर. तो वाळला. साहेब आत, फोन स्वयंपाकघरात. मला वाटलं बाहेर गेलाय, किती छान शांत दुपार गेली माझी. शेवटी शेजारची मार्जोरी मला सांगायला आली, की तुमचा नवरा दोन तास खिडकीतून माझ्याकडे चहा मागतोय, देऊ का?"

"मग दिला का?" एक मुलगी म्हणाली. तिच्या काट्यावर बटाटा होता.

"दिला की. नळीने."

सगळ्या हसल्या. मी हसले, आणि माझा काटा आपल्या आपण चालला होता. बटाट्याचा थर अलगद कडेला, वाटाणे त्याच्यावर, मासा तेवढा पुढे. माझ्या हातांना ती सवय आहे, मला कळतसुद्धा नाही.

"ब्रेंडा," गेनर म्हणाली.

मी वर बघितलं.

"तू कडेला लावतेयस."

मुलींचे काटे थांबले. हेझलने पाण्याचा जग उचलून पेले भरले.

"तीस वर्षं मी तेच केलंय," गेनर म्हणाली. "आणि तुझ्यापेक्षा बरं करते. वाटाण्यांखाली लपवायचं नाही, वाटाणे घरंगळतात."

मुलगी खुदकन हसली. मला तोंड लपवावंसं वाटलं. सतरा वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसून या बायकांची कीव करत आले होते, आणि त्यांच्यातली एक मला माझ्या ताटावरून ओळखत होती. तिने आजच नाही, कदाचित पहिल्या दिवसापासून ओळखलं असेल.

"मला भीती वाटते गं," मी म्हटलं. हे नियमात बसत नव्हतं, पण खरं होतं.

"माहितीये," गेनर म्हणाली. तिने कोटाची बटणं काढायला घेतली. वेळ लागला. कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, काटा हातात घेतला. "तू एक घे. मग मी घेते. फसवायचं नाही. माझी नजर कशी आहे तुला माहीत आहे."

मी बटाट्याचा घास घेतला. लोणी होतं त्यात, भरपूर. मी तो चावला, गिळला आणि तिच्याकडे बघायला लागले, तेव्हा टेबलाखालून हेझलची सपात माझ्या नडगीवर बसली. मी मान वळवली. मार्जोरीने नळी कुठून आणली, असं मी हेझलला विचारलं. पण कानाला काटा ताटाला लागल्याचा आवाज आला. एकदा, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा. मी माझा घास घेतला की थोड्या वेळाने तिचा. असं आम्ही करत गेलो. मागून जॅमचा गरम केक आला, त्यावर कस्टर्ड. हेझलचा डाव काय पडला म्हणून सांगू, सगळ्या वाट्यांत तंतोतंत सारखा. ती वाटी मी चाटूनपुसून संपवली, आणि गुरुवारी सभागृहाकडे फिरकले नाही, त्यानंतरही फिरकलेले नाही.

गेनरच्या ताटात किती उरलं ते मी सांगणार नाही, कारण मी बघितलं नाही. कुणी शाब्बास म्हटलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हेझलने ताटं एकावर एक रचली आणि बेसिनमध्ये ठेवली, शाळेत ठेवत असेल तशीच खडखडाट करत.

याला आता तिसरं वर्ष लागलंय. हेझलने डॉक्टरेटचा अर्ज केलाच नाही. टॅम्सिन दर वर्षी फॉर्म आणून देते आणि हेझल दर वर्षी तो भांडं ठेवायला टेबलावर पसरते. मंगळवारचं जेवण आता तीच बघते, ओवेनही बिनबोभाट तिच्या हाताखाली सोलतो-चिरतो. समिती एकदाची बसली आणि ती ओळ गेली.

त्या दिवशी मात्र ओळ अजून नमुन्यात होती. गेनर दोनला टॅम्सिनकडे गेली, तीनला बाहेर आली, डोळे लाल होते. टेबलापाशी कोट घालत उभी राहिली. मी डायरी उघडली. पेन हातात घेतलं, पण ती पुन्हा निघून जाईल असं वाटत होतं.

"पुढचा मंगळवार?" मी विचारलं. "नेहमीसारखं, दोनला?"

तिने शेवटचं बटण लावलं.

"दोनला नको," ती म्हणाली. "साडेबाराला लिही. जेवायला येते."